१२०० चा किट घेऊ की ३५०० चा? आधी वात बघा

ताई, तुम्ही मेणबत्त्या करायचे दोन किट बघून ठेवलेत. एक १२०० चा, त्यात अर्धा किलो सोया मेण, चार पत्र्याच्या डब्या, वासाच्या चार बाटल्या आणि वाती. दुसरा ३५०० चा, त्यात दोन किलो मेण, काचेचे ग्लास, रंग, सिलिकॉनचे साचे, थर्मामीटर, स्टिकर, सगळंच. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, तिच्यासोबत करायचंय, आणि जमलं तर दिवाळीला सोसायटीत थोड्या विकायच्या आहेत. मी पुण्यात अकरा वर्षं मेणबत्त्या करतेय, सुरुवात हौस म्हणून झाली, आता घरातली एक अख्खी खोली त्यात गेलीये आणि नवऱ्याचे टोमणे सुरू आहेत, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते. दोनांतला घ्यायचाच असेल तर छोटा घ्या. पण पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याला एकच विचारा, की यातली वात कुठल्या नंबरची, म्हणजे किती जाडीची आहे आणि किती रुंदीच्या भांड्याला चालते. त्याला सांगता आलं तर घ्या. "मॅडम, कॉटनची आहे, बेस्ट क्वालिटी" एवढंच उत्तर आलं तर किटचा नाद सोडा आणि सुटं सामान आणा, ते कसं ते खाली लिहिते.

हे असं का म्हणतेय ते सांगते, कारण किट बघताना आपण सगळे मेणाकडे आणि वासाकडे बघतो. मी पण तेच केलं होतं. माझ्या पहिल्या किटमध्ये पाच सेंटीमीटरच्या डब्या होत्या आणि आठ सेंटीमीटरचे दोन काचेचे ग्लास होते, आणि सगळ्यांना वात एकच. डब्या ठीक जळल्या. ग्लासमध्ये मात्र वातीभोवती बोटभर खड्डा पडला, ज्योत त्या खड्ड्यात बसून हळूहळू विझली, आणि बाजूला मेणाची जाड भिंत तशीच राहिली. मला वाटलं मेण भिकार आहे. मग महागातलं मेण आणलं, परत तेच. मग वाटलं वास जास्त झाला असेल. असं करत चार महिने आणि सहा-सात किलो मेण घालवलं, त्यातल्या काही मेणबत्त्या मी दिवाळीच्या एका प्रदर्शनात विकल्यासुद्धा, आणि एक काकू दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या, म्हणाल्या अगं ही विहीर आहे की मेणबत्ती. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की दोष वातीचा आहे.

मेणबत्तीत खरं जळतं ते मेण, वात नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वात ते वर ओढते, वर गेल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजे वात हा पंप आहे म्हणा ना. पंप बारीक असला तर ज्योत छोटी, भांड्याच्या कडेपर्यंत उष्णता पोचतच नाही, खड्डा पडतो. पंप मोठा असला तर मेण गरजेपेक्षा जास्त वर येतं, नीट जळत नाही, ज्योत उंच होऊन नाचते, काच काळी होते, वातीच्या टोकाला काळा गोळा धरतो. आजी समईसाठी वाती वळायची तेव्हा कुठली किती जाड हवी हे तिच्या बोटांना कळायचं, आणि चुकलं तरी समईत वात पुढे-मागे सरकवता येते, काजळी झटकता येते. मेणबत्तीत ती सोय नाही, एकदा मेण गोठलं की जी वात आत गेली ती गेली. युरोपात पूर्वी तर मेणबत्तीच्या वातीचं जळकं टोक दर थोड्या वेळाने कातरायला लागायचं, १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये गोफासारखी विणलेली वात आली, ती जळताना एका बाजूला वाकते आणि टोक आपोआप जळून जातं, तेव्हा ती कटकट कमी झाली. आज आपण वापरतो त्या बहुतेक वाती याच गोफाच्या वंशातल्या. काही वातींच्या मध्ये कागद किंवा जस्ताची बारीक तार असते, ते चालतं. शिशाची तार मात्र नको, अमेरिकेने २००३ पासून तसल्या वातींवर बंदी घातलीये. तार पांढऱ्या कागदावर घासून बघा, पेन्सिलीसारखा करडा डाग पडला तर ती वात सरळ टाकून द्या.

आता मोठ्या किटबद्दल. त्यात डब्या, ग्लास आणि साचे असे तीन प्रकार आहेत, म्हणजे किमान तीन जाडीच्या वाती हव्यात, बहुतेक किटमध्ये त्या नसतात. शिवाय ग्लासातलं मेण आणि साच्यातलं मेण एकच नसतं. ग्लासात ओतायचं सोया मेण मऊ असतं, साधारण ४६ ते ५२ अंशांना वितळणारं, ते काचेला धरून बसतं म्हणून चांगलं. तेच फुलाच्या साच्यात ओतलं तर फूल बाहेर काढताना पाकळ्या तुटतात, आणि निघालंच तर ऑक्टोबर हीटमध्ये फुलाचा मुरंबा होतो. साच्याला कडक मेण लागतं, आपल्याकडे पॅराफिनच्या लाद्या मिळतात, ५८/६० असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या अंशांच्या आसपास वितळणारं, त्यात थोडं स्टिअरिक ॲसिड घातलं की अजून कडक होतं आणि साच्यातून छान सुटतं. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत नवसाचे हात, पाय, घर असे मेणाचे आकार मिळतात बघा, ते सगळं साच्याचं काम. महाबळेश्वरला भावेश भाटियांचं सनराइज कँडल्स आहे, ते स्वतः दृष्टिहीन आहेत आणि तिथे काम करणारी मंडळीही बहुतेक दृष्टिहीनच, कधी गेलात तर नक्की बघा, म्हणजे ठरलेली पद्धत रोज तशीच्या तशी करण्यात काय ताकद आहे ते कळेल. पण ग्लास आणि साचा हे दोन वेगळे धंदे आहेत आणि दोन्ही एकदम शिकायला घेतले तर कुठलंच धड होत नाही. एक निवडा. मी तुमच्या जागी डब्यांपासून सुरुवात केली असती, कारण डबी तडकत नाही.

सोया की पॅराफिन यावर लोक भांडतात तेवढं त्यात काही नाही, असं माझं मत. पॅराफिन पेट्रोलियममधून येतं, आपल्या आसामातली डिगबोईची १९०१ ची रिफायनरी त्यासाठी जुनी ओळखीची. सोया म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजन लावून घट्ट केलेलं, थोडक्यात वनस्पती तुपाचं भावंड. "केमिकल फ्री" असं लिहिलेलं वाचलं की मला हसू येतं. काजळी दोन्हीची होते, वात चुकली की. सोयाचा फायदा हा की भांडी साबणाने धुता येतात आणि कमी तापमानावर काम होतं, नवख्या माणसाला बरं. तोटा असा की थंड होताना वर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते, ती बुरशी नसते, घाबरू नका, तो त्या मेणाचा स्वभाव आहे. पॅराफिनचा तोटा की गोठताना आकसतं आणि वातीजवळ खड्डा पडतो, मग वरून थोडं गरम मेण परत ओतायचं. आणि तुम्ही कुठे राहता यावरही अवलंबून आहे. मी एका मे महिन्यात नागपूरला सोयाच्या चोवीस डब्या कुरियरने पाठवल्या होत्या, पोचल्या तेव्हा खोक्याच्या तळाशी मेणाची वडी झाली होती आणि वाती त्यात आडव्या पोहत होत्या. बाहेर ४५ अंश, बंद गाडीत त्याहून जास्त, आणि मेण ४८ ला वितळणारं, दोष माझाच. तेव्हापासून मार्च ते जून मी सोया बाहेरगावी पाठवतच नाही.

वासाचं गणित किट घ्यायच्या आधी जरूर करा, हे दोन मिनिटांचं काम आहे. सोयामध्ये वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के सुगंधी तेल घालतात, नेमकी मर्यादा मेण बनवणारा देतो. मी बहुतेक ८ टक्के घालते. म्हणजे ५०० ग्रॅम मेणाला ४० ग्रॅम तेल. तुमच्या छोट्या किटमध्ये बाटल्या ५ मिलीच्या असतील तर चार मिळून २० मिली झालं, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास, मेणबत्ती जळेल पण वास नाकाशी नेला तरच येईल. १० मिलीच्या असतील तर बरोब्बर पुरेल, पण चारही बाटल्या रिकाम्या होतील, चुकायला काही शिल्लक नाही. बाटलीवर किती मिली लिहिलंय ते फोटो मोठा करून बघा. आणि जास्त घातलं की जास्त वास हे चूक आहे, मेणाला पेलवेल त्याच्या पुढचं तेल वर घामासारखं सुटतं आणि वातीत जाऊन बसतं. माझ्या एका मैत्रिणीने मोगऱ्याचं डोक्याला लावायचं तेल घातलं होतं, का नाही म्हणे मोगराच तर आहे. मेणबत्तीसाठी म्हणून विकलं जाणारं तेलच घ्या, गुलाबपाणी, खाण्याचा इसेन्स, खाण्याचा रंग यातलं काही नको. ज्यात पाणी आहे ते मेणात मिसळत नाही, तळाशी थेंब होऊन बसतं आणि वात तिथपर्यंत पोचली की चर्र चर्र करून विझते. मुलीचे क्रेयॉनही रंगाला वापरू नका, त्यातली भुकटी वातीत अडकते.

किती मेण लागेल ते काढायची सोपी युक्ती. डबी वजनकाट्यावर ठेवून शून्य करा, हवं तिथपर्यंत पाणी भरा, समजा २०० ग्रॅम आलं. मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ०.८५ ने गुणा, झालं १७०. हे मेण आणि तेल मिळून. ८ टक्क्यांसाठी १७० ला १.०८ ने भागा, १५७ ग्रॅम मेण, उरलेलं १३ ग्रॅम तेल. मग डबी पूर्ण कोरडी करा, पाण्याचा थेंब राहायला नको. या हिशोबाने ५०० ग्रॅममध्ये एवढ्या मोठ्या तीनच होतात, आणि कित्येक किटच्या फोटोत सहा मांडून ठेवलेल्या असतात, त्याला काय करणार.

बरं, सुटं सामान. थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, चोच असलेला ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा जग, आणि तो ज्यात बसेल असं पातेलं. वजनकाटा केक-बिक करत असाल तर घरात असेलच. जग आणि पातेलं पुण्यात असता तर तुळशीबागेत जा म्हटलं असतं, डब्या आणि वाती रविवार पेठेत बोहरी आळीत, तुमच्याकडेही भांडी बाजारात आणि केकच्या सामानाच्या दुकानात बरंचसं मिळेल. पातेलं एकदा मेणाचं झालं की ते मेणाचंच, परत आमटीला नाही. वात मधोमध धरायला किटमध्ये एक फॅन्सी पट्टी देतात, कपडे वाळत घालायचा चिमटा आडवा ठेवला तरी तेच काम होतं. मेण एक किलो, एकच सुगंध १०० ग्रॅम, एकाच मापाच्या सहा डब्या, आणि त्या मापाच्या लगतच्या तीन नंबरच्या वाती प्रत्येकी पाच-सहा. रंग पहिल्या खेपेला नकोच. असं केलं की मेणाचा प्रकार, तेलाचं नाव, वातीचा नंबर सगळं तुम्हाला माहीत असतं, उद्या परत तेच मागवता येतं. किटची खरी अडचण हीच असते, एखादी मेणबत्ती सुंदर झाली तर ती परत कशी करायची ते कळत नाही, कारण पिशवीवर नुसतं "सोया वॅक्स" लिहिलेलं.

करवंट्या, पणत्या, जुने ग्लास वापरू का असंही तुम्ही विचारलंय. करवंटी फोटोत फार देखणी दिसते पण ती स्वतःच पेट घेऊ शकते, मी करत नाही. साधी पणती मेण पिते, दुसऱ्या दिवशी खालच्या फरशीवर तेलकट चांद उमटतो, आतून झिलई असलेली घ्या. कटिंग चहाचा ग्लास चहाला चालतो म्हणून मेणबत्तीला चालेल असं नाही, चहा पाच मिनिटांत संपतो, ज्योत तासन्‌तास एकाच जागी तापवते. जाड बुडाचा, मेणबत्तीसाठीच बनवलेला ग्लास घ्या, किंवा डबीच.

आता करायचं कसं ते थोडक्यात, कारण किटच्या कागदावर हे असतंच. पातेल्यात पाणी, पाण्यात जग, मंद आच. सोया ८० अंशांच्या थोडं वर गेलं की गॅस बंद, तेल घाला, दोन मिनिटं हळू ढवळा, फेटू नका. ६० च्या आसपास आलं की ओता. मग झाकून ठेवा आणि सोयाला दोन आठवडे हात लावू नका. हे लोकांना पटत नाही, पण दुसऱ्याच दिवशी लावलेल्या आणि पंधरा दिवसांनी लावलेल्या मेणबत्तीच्या वासात खूप फरक पडतो. दिवाळीचा विचार असेल तर ही मुदत आधीच धरून ठेवा, शेवटची खेप दिवाळीच्या किमान तीन आठवडे आधी ओतलेली हवी.

आणि मग वातीची परीक्षा, ज्यासाठी तीन नंबर आणायला सांगितले. तिन्ही डब्यांत मेण तेच, तेल तेच, दिवस तोच, फक्त वात वेगळी, आणि डबीच्या बुडाला चिकटपट्टीवर नंबर लिहा, लक्षात राहील असं म्हणू नका, राहत नाही. वात पाच मिलीमीटरवर कापा, तिन्ही एकदम पेटवा, पंखा बंद ठेवा (हे आपल्या घरांत सगळ्यात अवघड), दर तासाने बघा. सात सेंटीमीटरच्या डबीत वितळलेलं मेण अडीच-तीन तासांत कडेला पोचलं आणि साधारण एक सेंटीमीटर खोल झालं तर ती वात बरोबर. तासाभरातच कडेला गेलं, ज्योत नाचायला लागली, डबी हातात धरवेना, तर जाड झाली. चार तासांनी कडेपर्यंत गेलंच नाही तर बारीक. चार तासांनी विझवा, पूर्ण गोठू द्या, वात कापून परत पेटवा, असं तळापर्यंत. शेवटपर्यंत जाळणं गरजेचं आहे कारण वरून शहाण्यासारखी जळणारी मेणबत्ती डबीच्या तळाशी पोचली की अंगात आल्यासारखी करते. दुसरं तेल आणलं की ही परीक्षा परत, कारण तेल बदललं की वातीची वागणूकही बदलते. विकायच्या असतील तर हे टाळता येणारच नाही. लोकांच्या घरात आपण आग पाठवतोय ना.

आगीवरून आठवलं, वितळतं मेण गॅसवर ठेवून फोनवर बोलायला बाहेर जायचं नाही. पॅराफिन २०० अंशांच्या आसपास गेलं की त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते, पाण्यावर ठेवलेलं तिथपर्यंत जात नाही, पण पातेल्यातलं पाणी आटलं की संपलं. पेटलंच तर पाणी अजिबात ओतायचं नाही, भडका उडतो, गॅस बंद करून वर झाकण टाकायचं. झाकण आधीच ओट्यावर काढून ठेवा, मी अजूनही ठेवते.

मुलीबद्दल. सहा वर्षांच्या पोरीला गरम मेणाजवळ मी उभी करणार नाही, तुम्ही कितीही जवळ असलात तरी. पण मधमाशांच्या मेणाचे पातळ शीट मिळतात, षटकोनी जाळी असलेले, ते हाताच्या उबेने मऊ होतात, एका कडेला वात ठेवून चटईसारखे गुंडाळायचे की मेणबत्ती तयार, गॅस लागतच नाही. तेवढे चार-पाच शीट तिच्यासाठी वेगळे घ्या. बाकी डबीच्या तळाला वात चिकटवणं, सोया मेणाचे पातळ तुकडे (आम्ही त्यांना पाकळ्या म्हणतो) मोजून काट्यावर टाकणं, स्टिकर लावणं हे तिचं खातं. माझी भाची हे काम इतक्या गंभीरपणे करायची की १५७ च्या जागी १५८ आलं तर एक पाकळी परत काढायची.

शेवटचं म्हणजे जग धुताना उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका. मी पहिल्या वर्षी ओतलं होतं, पाइपच्या वळणात गोठून बसलं आणि प्लंबरने येऊन आतून जो सुगंधी लॅव्हेंडरचा बुधला काढला तो बघून तो बिचारा वाकून वास घेत बसला. जग कोमट असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या, मग साबण. विक्रेत्याने वातीचं काय उत्तर दिलं ते कळवा, आणि डबीची आतली रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजून लिहा, म्हणजे कुठल्या तीन वातींपासून सुरू करायचं ते सांगते.